तिसावं नाव

रस्त्यात एखादी लेंडी दिसली की गो-नोगो काका थांबायचे. पँट गुडघ्यापाशी दोन बोटांनी वर उचलायचे आणि खाली बसायचे. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, खिशाला कंपनीचा बिल्ला. त्याच खिशातून बारीक मापं घ्यायचा एक जुना व्हर्निअर निघायचा. कंपनीनं मोडीत काढलेला तो व्हर्निअर काकांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला होता. त्याच्या दोन जबड्यांत लेंडी अलगद धरून ते डोळे बारीक करत, आकडा वाचत आणि पाठ सरळ करून म्हणत, "मुंगूस. कालचं." पहिल्या शिफ्टला निघालेले लोक सायकलवरून ओरडत, "काका, ओकेचा शिक्का मारा तिच्यावर!" काका मान वर न करता उत्तर देत, "मारतो. तुझ्या मशीनवरच्या जॉबपेक्षा बरी आहे."

गो-नोगो हे खरं म्हणजे माल तपासायच्या एका गेजचं नाव. त्याला दोन टोकं असतात. तयार मालाच्या भोकात एक टोक गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. मधलं काही नाही. कंपनी सुरू झाली तेव्हापासून काका इन्स्पेक्शनला होते आणि ते गेज कायम त्यांच्या हातात असे. त्यात ते मूळचे चिपळूणकडचे. आम्हा मुलींशी बोलताना 'काय गो', 'ये गो' त्यांच्या तोंडात सहज यायचं. टर्नर जगताप म्हणायचा, "कॉलनीत गो आणि कंपनीत नो-गो. नाव कसं बरोबर मापात बसलंय, राव!" काकांना हे ठाऊक होतं. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

मला लिहायची सवय नाही, म्हणून आधी आमच्याबद्दल दोन ओळी. दुष्काळाच्या साली आम्ही उस्मानाबादकडून इकडे आलो. वडील फाउंड्रीत लागले आणि चिंचवड स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच्या कंपनीच्या कॉलनीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी फाउंड्रीत पेढे वाटले होते. त्यातला एक काकांनीही खाल्ला होता, पण मला हे नंतर कळलं.

काका पहिल्यांदा आमच्या दारात आले ते सुरवंटांसाठी. आईनं परसात कढीपत्ता लावला होता आणि त्याची पानं हिरव्या सुरवंटांनी फस्त केली होती. आई ते चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाकायच्या बेतात होती.

"वहिनी, मोजून घेऊ का?" काकांनी विचारलं.

"मोजा की," आई म्हणाली. "आन् मोजून झालं की समदे घिऊन जावा."

काका खरंच एका खोक्यात अकरा सुरवंट आणि फांदीचा तुकडा घेऊन गेले. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले आणि काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं एक फुलपाखरू आईच्या ओंजळीत सोडलं. आईनं ओंजळ डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाली, "एवढं नक्षीचं व्हय हे मेलं?" त्यानंतर कढीपत्त्याची अर्धी पानं सुरवंटांची, असा तिचा हिशेब ठरला. आणि मी काकांच्या रविवारच्या फेरीला जायला लागले.

फेरीला आम्ही चौघं असायचो. काका, जगताप, कॉलनीच्या बागेचा माळी धोंडिबा आणि मी. क्वार्टरांच्या परसबागा, कंपनीची बाग, कँटीनमागची घाणेरीची झुडपं आणि शेवटी ओढ्यापर्यंतचा उघडा माळ, असा तो फेरा सकाळी तीन तास चालायचा. दिसेल ते लिहायचं. मुंगूस, उदमांजर, ससा, घूस, वटवाघूळ, चतुर, नाकतोडे, मातीचं घर करणारी कुंभारीण. लिहायला कागद म्हणजे बाद झालेल्या जॉबकार्डांची कोरी मागची बाजू. कार्डावर तारीख, जागा, माप आणि एका कोपऱ्यात एक अक्षर. 'दि' म्हणजे दिसलं, 'ऐ' म्हणजे ऐकलं, 'ठ' म्हणजे ठसा. चौथं अक्षर नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून लिहायची सोय काकांनी ठेवलीच नव्हती.

एकदा जगतापानं कार्ड पुढे केलं. "काका, वाघ. आज सकाळी. दि."

"कुठं?"

"काडेपेटीवर."

काकांनी कार्ड घेतलं, चष्मा वर केला आणि शांतपणे परत दिलं. "माप नाही लिहिलंस. शेपटीसकट घे." जगतापानं खरोखर व्हर्निअरनं काडेपेटीवरचा वाघ मोजला. ते कार्ड काकांनी फेकलं नाही. कार्डांच्या डब्यात सगळ्यात मागे ठेवलं.

नावांबद्दल त्यांचा एक नियम होता. ज्यानं पाहिलं, त्याच्या तोंडचं नाव कार्डावर जायचं. धोंडिबा म्हणाला 'साळू', तर साळू लिहायचं. मी एकदा त्यापुढे कंसात 'साळिंदर' लिहिलं, तर काका म्हणाले, "ते नंतर. त्यानं काय पाहिलं ते त्याला विचार. तुला काय वाटतं ते वेगळ्या कार्डावर." धोंडिबाचं त्यांना फार कौतुक होतं. कॉलनी जिथं उभी आहे, तिथं पूर्वी धोंडिबाच्या बापाची गुरं चरायची. जागा कंपनीत गेली आणि धोंडिबा त्याच जागेवर गुलाबांना पाणी घालायला लागला. माळावर खोकडाची बिळं पहिल्यांदा त्यानंच दाखवली. एकाच बिळाला तीन तोंडं होती. मार्चमधल्या एका सकाळी आम्ही लांब बांधाआड पालथे पडून राहिलो आणि चार पिल्लं बाहेर येऊन एकमेकांची शेपटी ओढताना पाहिली. मातकट रंग, शेपटीचं टोक काळं. धोंडिबा कुजबुजला, "खोकडं हायेत ही. लई भोळं जनावर. कोल्ह्यावानी न्हाई." कोल्हे ओढ्याच्या पलीकडच्या झाडीत असायचे. ते दिसायचे क्वचित. दिवेलागणीला त्यांची कोल्हेकुई मात्र ऐकू यायची. काकांनी दोन्हींचे ठसे मोजले होते. खोकडाचा अडतीस मिलिमीटर, कोल्ह्याचा पंचावन्न.

आता पुढचं सांगताना मला जड जातं.

त्याच वर्षी कॉलेजात झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला सरांनी बाटलीतला विंचू दाखवून नाव विचारलं. मी घाईनं म्हणाले, "इंचू." सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण वाईट हेतूनं नाही. पुण्याच्या मुली नंतर आठवडाभर मला पाहिलं की बोटाची नांगी करायच्या. तेव्हापासून घरातल्या आणि गावाकडच्या शब्दांची मला धास्ती बसली. बोलण्याआधी मी प्रत्येक शब्द मनात तपासायची. हा पुस्तकातला आहे की आपला?

आणि त्याच वर्षी माळ जायची वेळ आली. कंपनीत नवे साहेब आले होते. त्यांना माळ सपाट करून मोठी बाग करायची होती. हिरवळ, कारंजं, मुलांना घसरगुंडी. कॉलनीत सगळ्यांना ते आवडलं होतं, आमच्या आईलासुद्धा. काका जॉबकार्डांचा डबा घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "काका, मला यातलं कळत नाही. मुंबईला एक तज्ज्ञ आहेत, त्यांना यादी पाठवा. जागा राखण्यासारखी आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर ओढ्याकडचा अर्धा माळ मी सोडतो." मात्र यादी इंग्रजीत हवी होती. काका सातवी शिकलेले. इंग्रजी आकडे आणि ड्रॉइंगवरचे शब्द त्यांना वाचता यायचे, वाक्यं नाही.

ते संध्याकाळी आमच्याकडे आले. आईनं दिलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "हे तुझ्याशिवाय कोण करणार गो?"

इतक्या मोठ्या माणसानं माझ्याकडे काही मागावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी पंधरा दिवस लिहीत होते. शाळेपासूनची छोटी डिक्शनरी हाताशी होती. कोल्हा म्हणजे फॉक्स, हे तर पाचवीच्या धड्यापासून पाठ. खोकड कुठंच सापडेना. मला वाटलं, हा आपल्या इंचूसारखाच शब्द असणार. धोंडिबाच्या तोंडचा, पुस्तकात न बसणारा. मी दोन्हींची कार्डं एकत्र केली आणि एका ओळीत लिहून टाकलं. फॉक्स. माळावर तीन तोंडांचं बीळ, चार पिल्लं, संध्याकाळी ओढ्याकडून अनेकांची एकत्र ओरड, ठसा अडतीस ते पंचावन्न मिलिमीटर.

काकांनी ते कागद गेजरूमच्या टेबलावर ड्रॉइंग पसरतात तसे पसरले. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"जनावरांची नावं कार्डांवर तीस आहेत. इथं एकोणतीस."

"काका, खोकड आणि कोल्हा एकच. इंग्रजीत एकच शब्द आहे."

"धोंडिबा दोन म्हणतो."

"पुस्तकात एकच आहे, काका."

मी इतक्या ठामपणे कधीच बोलत नसे. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, पण तिच्याहून जास्त काहीतरी होतं, आणि त्याला अभिमान म्हणावं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही. "कॉलेजात शिकतेस तू," ते म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि खाली सही केली. सहीखाली, इन्स्पेक्शनच्या सवयीनं, 'तपासले' असं लिहिलं.

महिन्याभरात मुंबईहून उत्तर आलं. काका पाकीट न फोडता माझ्याकडे घेऊन आले. पत्र सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं, की आपल्याकडचे फॉक्स असे एकत्र कधी ओरडत नाहीत. एकाच प्राण्याच्या ठशांची मापं इतकी वेगळी कशी येतात, हे समजत नाही. नोंदी करणाऱ्यांना फॉक्स आणि जॅकल यांतला फरक माहीत नसावा, त्यामुळे बाकीच्या नोंदींवरही विसंबता येत नाही. जागेची शिफारस करता येत नाही, क्षमस्व.

जॅकल हा शब्द वाचला आणि मला सगळं कळलं. एकत्र ओरडणारा कोल्हा तो जॅकल, आणि फॉक्स म्हणजे खोकड. धोंडिबाची दोन जनावरं दोनच होती. पुस्तकातही दोनच होती. मी फक्त अर्धं पुस्तक वाचलं होतं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले, "काका, ते म्हणतात, पुरावा कमी पडतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. दुसरं पत्र लिहिता आलं असतं, कार्डं सगळी डब्यात होती. पण मला पुन्हा तो वर्ग हसताना ऐकू आला आणि या वेळी हसणाऱ्यांत काकाही असतील असं वाटलं. ते कधीच हसले नसते, हे आज कळतं.

काका पत्र घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "काका, तुमची मापंच जुळत नाहीत म्हणतात हो." केबिनबाहेर प्यून होता. दुपारपर्यंत मशीनशॉपभर झालं, गो-नोगोची मापं चुकली. तीस-तीस वर्षं नोकरी झालेले कामगार, ज्यांचे जॉब काकांनी केसाएवढ्या फरकानं परत पाठवले होते, ते जेवणाच्या सुट्टीत विचारायला लागले, "काय काका, कोल्ह्याला टॉलरन्स किती?" टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेतलेला फरक. जगतापानं त्या दिवशी एकाची कॉलर धरली.

काकांनी व्हर्निअर गेजरूममध्ये नेला आणि प्रमाण ठोकळ्यांवर लावून पाहिला. त्यांना वाटलं, मोडीतला व्हर्निअर, झिजला असेल. एकदा लावला, दहा वेळा लावला. जगताप सांगत होता, काकांनी दुसऱ्या इन्स्पेक्टरलाही वाचायला लावला. व्हर्निअर बरोबर होता. मग ते आठवडाभर स्वतःचे डोळे तपासून घ्यायच्या मागे लागले. पिंपरीत जाऊन नवा चष्मा केला. चूक कुठंतरी असणार आणि ती आपल्याकडेच असणार, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. इन्स्पेक्टरच्या हातून वाईट माल बाहेर गेला, तर जाब मशीनवाल्याला कुणी विचारत नाही, इन्स्पेक्टरलाच विचारतात.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या उन्हात माळावर यंत्रं आली. काका त्या रविवारी नेहमीप्रमाणे फेरीला निघाले, पण माळाच्या कडेला थांबले. धोंडिबा म्हणाला, "पिल्लं कवाच निगून गेली आस्तील, काका. मोठी झाल्ती." काकांनी विचारलं, "पाहिलंस जाताना?" धोंडिबा म्हणाला, "न्हाई." काकांनी कार्डावर काहीच लिहिलं नाही. पुढे तिथं हिरवळ लागली आणि ती कापायचं काम धोंडिबाकडेच आलं. एकदा यंत्र थांबवून तो मला म्हणाला, "ताई, खोकड म्हंजी खोकड आन् कोल्हा म्हंजी कोल्हा. आमच्या लहान पोराला सुदीक ठावं हाय. त्या मुंबईवाल्याला कसं ठावं न्हाई?" मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मला मुंबईवाल्याची लाज वाटते.

मे महिन्यात काका एका संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले. हातात पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. खुर्चीवर न बसता म्हणाले, "तू म्हणालीस, पुरावा कमी. साहेब म्हणतात, मापं चुकली. पत्र तर एकच आहे गो." आवाजात आरोप नव्हता. दोन रीडिंग वेगळी आली तर तिसरं घ्यायचं, इतक्या साधेपणानं ते बोलले. "तेव्हा म्हटलं, आपणच वाचावं. जूनमध्ये मी रिटायर. तोवर रोज अर्धा तास शिकवशील?"

आई आतून म्हणाली, "शिकवंल की, न शिकवायला काय झालं?"

मी म्हणाले, "काका, माझी परीक्षा आहे."

"हो का? मग राहू दे. परीक्षा आधी," ते पटकन म्हणाले. पुस्तक काखेत धरून गेलेसुद्धा. आई माझ्याकडे बघत राहिली.

जूनमध्ये त्यांचं सामान एका टेंपोत मावलं. त्यांची बायको पूर्वीच वारली होती आणि मूल नव्हतं. गावाला पुतण्या होता, तिकडे ते निघाले. जगतापानं दोऱ्या आवळल्या, धोंडिबानं मोगऱ्याचं एक रोप दिलं. मी सगळ्यात मागे उभी होते. मला पाहून काकांनी टेंपो थांबवला आणि खिडकीतून विचारलं, "पेपर कसे गेले?" मी म्हणाले, "बरे." "बरे म्हणजे किती?" त्यांनी विचारलं, आणि टेंपो सुरू झाल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

मी त्यांना चार वेळा पत्र लिहायला बसले. एकदा तर पाकिटावर पत्ताही घातला. पण दरवेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीत प्रत्यक्ष जाऊन सांगू. अशी तीन वर्षं गेली. आता मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. काका पावसाळ्याच्या सुरुवातीला गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्यांच्या कागदांत एक इंग्रजी पत्र सापडलं, ते तुमचं असावं म्हणून पाठवत आहे, असं त्यानं लिहिलं होतं. सोबत मुंबईचं ते पत्र होतं. घडीवर विरलेलं. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या वर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या क्षमस्वपर्यंत. काही ठिकाणी आधीचा शब्द खोडून दुसरा लिहिला होता. फॉक्सच्या वर खोकड होतं आणि जॅकलच्या वर कोल्हा. त्या दोन शब्दांवर खाडाखोड नव्हती.

म्हणजे त्यांना कळलं होतं. केव्हा, ते मला सांगता येत नाही. कळल्यावरही त्यांनी कॉलनीत कुणाला एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती, तर त्यांचं नाव सुटलं असतं आणि माझं अडकलं असतं. आमच्याकडे अजूनही नव्या पोरांना कुणीतरी सांगतं, की अमक्या साली गो-नोगोची मापं चुकली होती. म्हणून हे लिहायला घेतलं. मापं बरोबर होती. अडतीस खोकडाचं, पंचावन्न कोल्ह्याचं. चुकलं ते मी लिहिलेलं नाव, आणि नंतर जे लिहिलं नाही ते.

पुतण्याच्या पत्राच्या शेवटी त्याच्या बायकोनं चार ओळी घातल्या आहेत. आमची धाकटी पाचवीला होती तेव्हा काका तिच्या शेजारी बसून इंग्रजी शिकले, असं तिनं लिहिलंय. मुलगी एकदा त्यांना हसली आणि म्हणाली, एवढं म्हातारपणी कशाला शिकता? तेव्हा ते तिला म्हणाले होते, "आमच्या कॉलनीत एक मुलगी आहे, ती मला आधीच शिकवणार होती. पण तिची परीक्षा होती गो."

माझी परीक्षा एप्रिलमध्येच संपली होती.